‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असं लिहिण्याआधी

आमच्या अनुदानित महाविद्यालयाला सहायक प्राध्यापकांच्या काही जागा भरायची परवानगी मिळाली आणि प्राचार्यांनी भरतीचं काम माझ्याकडे सोपवलं. राज्यात मे २०१७ मध्ये पदभरतीवर निर्बंध आले, त्यानंतर जागा सुटल्या त्या तुकड्या-तुकड्यानं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या २,०८८ पदांचा आकडा तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या मानधनावर, राबणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. इतक्या वर्षांनी दार किलकिलं होतं, त्यातून जो आत येतो तो निवृत्तीपर्यंत, म्हणजे पंचवीस-तीस वर्षं, शिकवतो. त्यामुळे एका भरतीत घेतलेल्या चार निर्णयांवर पुढच्या एका पिढीसमोर फळ्याजवळ कोण उभं राहणार, हे ठरतं. या कामाचं ओझं मला वाटलं ते त्यामुळे.

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०२०-२१ साली देशभरातल्या अध्यापकांत अनुसूचित जातींचे सुमारे ९ टक्के आणि अनुसूचित जमातींचे अडीच टक्क्यांच्या आसपास अध्यापक होते. २०११ च्या जनगणनेत हीच लोकसंख्या अनुक्रमे १६.६ आणि ८.६ टक्के आहे. आरक्षण घटनेत आहे, कायद्यात आहे, जाहिरातीत आहे. मग माणसं कुठे गळतात? या भरतीत मला ते जागोजागी, कागदावर बोट ठेवून बघायला मिळालं. बहुतेक गळती मुलाखतीच्या खोलीत शिरण्याआधीच झालेली असते.

पहिली जागा म्हणजे बिंदुनामावलीची नोंदवही. क्रमानं येणारं कुठलं पद, म्हणजे बिंदू, कुठल्या प्रवर्गासाठी हे तिच्यात लिहिलेलं असतं. आमच्या अधीक्षकांनी ती समोर ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, हे तपासून झालंय. मागासवर्ग कक्षाचा शिक्का आहे.” शिक्का होता, पण जुना. त्यानंतर किती तरी माणसं निवृत्त झाली होती, काही बदलून आली होती. मी प्रत्येक नावाची वैयक्तिक नस्ती मागवली आणि मूळ जाहिरात, निवड समितीचं इतिवृत्त, नेमणुकीचं पत्र, विद्यापीठाची मान्यता हे सगळं नोंदवहीशी ताडून बघायला घेतलं. अधीक्षक आधी कुरकुरले, मग त्यांनाच त्यात गोडी लागली.

दोन गोष्टी सापडल्या. आमच्या दोन सहकारी खुल्या जागेच्या जाहिरातीतून, वयाची किंवा गुणांची कसलीही सवलत न घेता, गुणवत्तेवर निवडल्या गेल्या होत्या. त्यांची जात मागास प्रवर्गातली, एवढ्यावरून कुणीतरी त्यांना राखीव बिंदूंवर बसवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली आर. के. सभरवाल प्रकरणात सांगून ठेवलंय की खुल्या गुणवत्तेवर आलेल्या मागासवर्गीय उमेदवाराला राखीव जागेत मोजता येत नाही. त्या दोघींना खुल्या बिंदूवर नेल्याबरोबर दोन राखीव जागा रिकाम्या झाल्या. इतकी वर्षं त्या कागदावर भरलेल्या दिसत होत्या. दुसरी गोष्ट निवृत्तीची. राखीव बिंदूवरचा माणूस निवृत्त झाला की ती जागा त्याच प्रवर्गातून भरायची, हेही त्याच निकालातून येतं, कारण नामावली पदाची असते, रिक्ततेची नव्हे. एका ठिकाणी ती साखळी तुटली होती.

यात कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. नोंदवही लिहिणाऱ्याला हे कुणी शिकवतच नाही. पण परिणाम तोच होतो: अनुशेष, म्हणजे भरायच्या राहून गेलेल्या राखीव जागांचा आकडा, दिसत नाही, आणि जो दिसत नाही तो कुणी मागत नाही. म्हणून ज्यांना आपल्या महाविद्यालयात काही बदलायचं आहे त्यांनी भाषणं आणि परिसंवाद नंतर ठेवावेत. आधी ही नोंदवही उघडावी.

नामावली नव्यानं लिहून आधी विद्यापीठाच्या कक्षाकडे, मग विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडे तपासणीला गेली. शंका निघाल्या, कागद पुन्हा जोडले, प्रमाणित होऊन आली.

नामावली कुठल्या घटकावर चालवायची यावरून देशात केवढं रान पेटलं होतं ते आठवा. अलाहाबाद उच्च न्यायालयानं एप्रिल २०१७ मध्ये विद्यापीठाऐवजी विभाग हा एकक धरायला सांगितलं. मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं तसं पत्रक काढलं. केंद्रीय नामावलीत चौथा बिंदू इतर मागासवर्गाचा, सातवा अनुसूचित जातीचा आणि चौदावा अनुसूचित जमातीचा. ज्या विभागात पाच-सहा पदं आहेत तिथे सातव्याची पाळी कधी येणार आणि चौदाव्याची कधी? शिक्षक रस्त्यावर उतरले, मार्च २०१९ मध्ये अध्यादेश आला आणि त्याच वर्षी संसदेनं कायदा करून संपूर्ण संस्था हा एक घटक ठरवला. महाराष्ट्रानंही २०२१ साली शिक्षक संवर्गाच्या आरक्षणाचा कायदा करून विषयनिहाय आरक्षण मागे टाकलं. आमच्यासारख्या महाविद्यालयात एकेका विषयाला दोन नाही तर तीन पदं. संवर्ग, म्हणजे सगळ्या विषयांची सारख्या दर्जाची पदं, एकत्र धरला म्हणूनच आमच्याकडे अनुसूचित जमाती, विमुक्त जाती यांचे बिंदू वर आले.

पण संवर्ग एक झाला तरी जागा शेवटी कुठल्या तरी विषयाचीच असते. अनुसूचित जमातीची जागा कुठल्या विषयाला लावायची? इथे एक जुनी खोड आहे, ती उघड बोलायला हवी. ज्या विषयात त्या प्रवर्गातले सेट-नेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले किंवा पीएच.डी. केलेले उमेदवार अगदी मोजके, नेमक्या त्याच विषयाला ती जागा लावली जाते. मग जाहिरात, मग ‘उमेदवार उपलब्ध नाही’. सगळं नियमात बसतं आणि जागा रिकामी राहते. आम्ही ठरवलं की विषय लावताना कारण लिहायचं. कुठल्या विषयात कुठल्या प्रवर्गातले पात्र उमेदवार आहेत याचा अंदाज विद्यापीठातल्या विभागांकडून आणि संशोधन केंद्रांकडून घेतला. भूगोल, राज्यशास्त्र, मराठी अशा विषयांत सगळ्याच प्रवर्गांचे संशोधक पुष्कळ निघाले. भौतिकशास्त्रात चित्र वेगळं होतं, त्याबद्दल शेवटी लिहिते.

जाहिरातीचंही तेच. नियमाप्रमाणे वर्तमानपत्रात छापली की कर्तव्य संपतं, पण ती वाचतो कोण? आम्ही ती राज्यातल्या विद्यापीठांच्या विभागांना पाठवली, शिवाय बार्टी, महाज्योती, सारथी आणि पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था या राज्य सरकारच्या संस्थांकडून संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती घेणाऱ्यांपर्यंत पोचवली. या संस्थांच्या पाठबळावर गेल्या काही वर्षांत शेकडो मुलामुलींनी पीएच.डी.ला नाव घातलं आहे. ‘पात्र माणसंच नाहीत’ म्हणणाऱ्यांनी एकदा या याद्या बघाव्यात. जाहिरातीत प्रत्येक पदासमोर कागदपत्रांची यादी आणि जातवैधतेबद्दलचा नियम सोप्या मराठीत दिला, कारण अर्धवट अर्जांमुळे बाद होणारे उमेदवार बहुधा तेच असतात ज्यांच्या घरात याआधी असा अर्ज कुणी भरलेला नसतो.

अर्ज आले आणि छाननी सुरू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत छाननीसाठी गुणांचा तक्ता आहे. महाविद्यालयांच्या तक्त्यात पदवीला ८० टक्के किंवा जास्त असतील तर २१ गुण मिळतात आणि ४५ ते ५५ टक्के असतील तर १०. फरक ११ गुणांचा. सगळ्या शोधनिबंधांना मिळून मात्र जास्तीत जास्त ६. म्हणजे विसाव्या वर्षी, शेतीची किंवा दुकानातली कामं करत, बसनं येऊन-जाऊन दिलेल्या परीक्षेचा निकाल माणसाच्या पुढच्या दहा वर्षांच्या शोधनिबंधांपेक्षा जड पडतो. हा तक्ता आम्ही बदलू शकत नव्हतो. पण त्याच विनियमांत असंही आहे की हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते धरायचे आणि निवड मुलाखतीतल्या कामगिरीवरच करायची. या वाक्याचा आधार घेऊन आम्ही दोन गोष्टी केल्या. राखीव जागांची छाननी त्या-त्या प्रवर्गातच स्वतंत्र केली. आणि मुलाखतीच्या दिवशी छाननीचे गुण समितीपुढे ठेवलेच नाहीत. एकदा का कुणाच्या नावापुढे ७८ आणि कुणाच्या नावापुढे ६१ दिसले की पुढची पंधरा मिनिटं माणूस ऐकत नाही, आकडाच वाचतो.

नावांचं काय करायचं यावर बराच खल झाला. आपल्याकडे आडनाव ऐकलं की जात, जिल्हा, कधी कधी पक्षसुद्धा लोक मनात लिहून टाकतात. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याचं प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश निघालं आणि मुस्लीम नावाला एक-तृतीयांश. हे वाचूनही कुणी आपण आडनावाकडे बघतच नाही म्हणत असेल, तर मी त्याच्याशी वाद घालत नाही. मी व्यवस्था बदलते. आमच्या छाननीत अर्जांना क्रमांक दिले, नावाचं पान अधीक्षकांकडे कुलूपबंद राहिलं आणि छाननी करणाऱ्यांना क्रमांकच दिसले. एका संस्था-पदाधिकाऱ्यांनी विचारलं, “आमचा विश्वास नाही का तुमच्यावर?” मी म्हटलं, “आहे ना साहेब. म्हणूनच नंतर कुणी बोट दाखवलं तर दोघांनाही उत्तर देता येईल.” त्यावर ते हसले आणि सही केली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलाखतीच्या पुष्कळ आधी, एकही उमेदवार समोर नसताना, आम्ही योग्य म्हणजे काय ते लिहून काढलं. संस्थेकडे गुणपत्रकाचा एक जुना नमुना होता. त्यात ‘व्यक्तिमत्त्व’ नावाचा रकाना होता आणि त्याला भरघोस गुण होते. मी विचारलं, यात नेमकं काय मोजायचं? कुणी म्हणालं आत्मविश्वास, कुणी म्हणालं बोलणं-चालणं, कुणी म्हणालं प्रभाव. तिघांचे तीन अर्थ. त्या रकान्यात आजवर काय मोजलं गेलं असेल ते मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः भटक्या जमातींच्या प्रवर्गातून नोकरीला लागले आणि माझ्या मुलाखतीत विषयावर एक प्रश्न आला तर घरावर चार आले. वडील काय करतात, मूळ गाव कुठलं, लग्नानंतर बदली मागणार का.

तो रकाना आम्ही काढून टाकला. त्याजागी ‘विद्यार्थ्याच्या शंकेला दिलेलं उत्तर’ असा रकाना घातला. बाकीचे गुण विषयाची समज, नमुना पाठ, संशोधनाची दिशा आणि वेगवेगळ्या तयारीची मुलं एकाच वर्गात असताना शिकवण्याची पद्धत, यांत वाटले. प्रत्येक रकान्यात किमान किती हवेत तेही लिहिलं. सगळ्यांना तेच मुख्य प्रश्न, तेवढाच वेळ. प्रत्येक सदस्यानं आधी आपले गुण स्वतंत्र कागदावर लिहून द्यायचे, चर्चा त्यानंतर. घर, गाव, लग्न, मुलंबाळं, आडनाव यांवर प्रश्न नाही. आणि ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा द्यायचा असेल तर हजर असलेल्या प्रत्येक उमेदवारापुढे लिहायचं, कुठल्या रकान्यात किमान गुण मिळाले नाहीत आणि का. खाली सगळ्यांच्या सह्या. आधी हा शेरा एका ओळीत संपायचा.

निवड समितीसाठी नियम असा आहे की अर्जदारांपैकी कुणी अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग असेल आणि समितीत त्या गटातलं कुणी नसेल, तर त्या गटाचा एक शिक्षणतज्ज्ञ कुलगुरूंकडून नेमला जातो. पुष्कळ ठिकाणी या सदस्याला दुपारी बोलावतात, चहा देतात आणि कागद पुढे करतात. आम्ही हे निकष ठरवायच्या बैठकीलाच त्यांना ऑनलाइन घेतलं. त्या बाईंनी किमान गुणांचा मुद्दा सुचवला. तो नसता तर पुढचा प्रसंग वेगळा झाला असता.

भूगोलाची जागा अनुसूचित जमातीसाठी होती. विभागप्रमुख म्हणून मी त्या समितीवर होते. नमुना पाठासाठी दुसऱ्या वर्षाची काही मुलं वर्गात बसवली होती. एक उमेदवार समोच्च रेषा शिकवत होता. बोलणं हळू, नजर फळ्याकडे, भाषा डोंगरपट्ट्यातली. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “सर, या रेषा एकमेकींना कापत का नाहीत?” त्यानं खडू ठेवला, डाव्या हाताची मूठ आवळली आणि मुठीच्या उंचवट्यांभोवती पेनानं एकाआत एक रेषा काढल्या. मग मूठ उघडली. सपाट झालेल्या हातावर नकाशा दिसत होता. “एका जागेला दोन उंच्या असतील का? नाही ना. मग दोन रेषा एका जागी कशा येतील?” आणि लगेच पुढे म्हणाला की कडा पुढे झुकलेला असेल तर नकाशावर त्या एकमेकींवरून जाताना दिसतात, तेव्हा खालची रेषा तुटक काढतात. मुलं आपापल्या मुठींवर रेषा काढायला लागली होती.

चर्चेत एक विषयतज्ज्ञ म्हणाले, “विषय चांगला आहे. पण कॉन्फिडन्स कमी पडतो. भाषाही शुद्ध नाही. या वेळी थांबू या, पुढच्या वेळी बघू.” हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा ऐकलं आहे. पुढची वेळ सहा-सात वर्षांनी येते आणि तोवर त्या माणसाचं वय उलटून जातं. मी काही बोलायच्या आत प्राचार्यांनी तो शेऱ्याचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. “सर, कुठल्या रकान्यात किमान गुण नाहीत ते लिहून द्या.” त्यांनी स्वतःचंच गुणपत्रक काढलं. शंकेच्या उत्तराला त्यांनी स्वतः भरपूर गुण दिले होते, समजेलाही. भाषेच्या शुद्धतेला रकाना नव्हता, कारण आमची निम्मी मुलं त्याच भाषेत विचार करतात. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “बरोबर आहे. गुणांप्रमाणे हाच पहिला येतो.” सही केली. त्या गृहस्थांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. स्वतःच्या हातानं दिलेले गुण समोर असले की प्रामाणिक माणूस त्यांना धरून राहतो. ते आधी लिहून घेतले नसते तर ‘पुढच्या वेळी बघू’ हेच इतिवृत्तात गेलं असतं.

राज्यशास्त्राच्या मुलाखतीला एक अल्पदृष्टी उमेदवार होत्या. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ४ टक्के जागा आहेत, त्यातली एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी. हे आरक्षण समांतर असतं, कुठल्याही प्रवर्गात लागू होतं. नमुना पाठाच्या सूचनेत ‘फळ्याचा वापर’ असं छापलेलं होतं. ते ‘उमेदवाराला सोयीच्या साधनाचा वापर’ असं केलं, मुलाखती तळमजल्यावर घेतल्या आणि त्यांना लॅपटॉपवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आधी तपासून बघायला वेळ दिला. त्यांनी संघराज्य व्यवस्था शिकवली. वर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव आधी विचारून घेतलं आणि पाठ संपेपर्यंत आवाजावरून प्रत्येकाला नावानं हाक मारत होत्या. त्यांची निवड झाली.

एका सदस्यांनी सवयीनं एका उमेदवाराला “मूळचे कुठले तुम्ही?” असं विचारलंच. प्राचार्य म्हणाले, “सर, हा प्रश्न यादीत नाही.” खोलीत क्षणभर अवघडलेपण आलं, पण दिवसभरात पुन्हा तो प्रश्न निघाला नाही.

नेमणूकपत्रं गेली, जातवैधता, विद्यापीठाची मान्यता, सहसंचालक कार्यालयाकडून वेतननिश्चिती हे सगळं रीतसर झालं. इथे बहुतेकांना वाटतं काम संपलं. मला मात्र सर्वांत जास्त काळजी पुढच्या दोन वर्षांची होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. आज तसं उघड कुणी करणार नाही. आज दुसऱ्या गोष्टी होतात.

भूगोलाचे आमचे नवे सर भाड्याची खोली शोधत होते. फोनवर खोली रिकामी असायची, आडनाव सांगितलं की ‘कालच दिली’. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, धर्मशाळेतून ये-जा करत होते. कळल्यावर आम्ही स्टाफमधल्याच लोकांच्या घरांची, ओळखीच्या घरमालकांची यादी केली आणि आता नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती रुजू होण्याआधीच देतो, तो कुणीही असो. नाव सांगून नकार ऐकायची वेळच येऊ नये.

दुसरं, समित्या. अनुसूचित जातीचा शिक्षक आला की मागासवर्गीय विद्यार्थी कक्ष त्याच्याकडे, आदिवासी शिक्षक आला की आदिवासी दिनाचा कार्यक्रम त्याच्याकडे, बाई आल्या की स्वागत, रांगोळी आणि पाहुण्यांचं आदरातिथ्य त्यांच्याकडे. ही कामं महत्त्वाची नाहीत असं नाही, पण माणूस ज्या गटातून आला त्याच गटाच्या खुंटीला त्याला बांधून ठेवणं हा समावेश नव्हे. परीक्षा, खरेदी, संशोधन, प्रवेश या समित्यांवर निर्णय होतात, पैसा फिरतो, बढतीला उपयोगी पडणारा अनुभव मिळतो. आम्ही नियम केला की पहिली दोन वर्षं कुणालाही त्याच्या ओळखीशी जोडलेली समिती त्यानं स्वतः मागितल्याशिवाय द्यायची नाही आणि वरच्या चारांपैकी एका समितीवर प्रत्येक नवा शिक्षक असेल. जुन्या सदस्यांपैकी काहींना जागा सोडाव्या लागल्या. त्यांची नाराजी मी समजू शकते, तरी नियम तसाच ठेवला.

तिसरं, बढती. पीएच.डी. असलेल्या सहायक प्राध्यापकाला पहिली बढती चार वर्षांनी मिळू शकते, नसलेल्याला बहुधा सहा वर्षांनी. त्यासाठी प्रशिक्षण वर्ग वेळेत व्हावे लागतात आणि त्याला रजा लागते. रजा कुणाला मिळते? ज्याचं प्राचार्यांकडे जाणं-येणं आहे त्याला. म्हणून रजेची पाळी आता फलकावर लावतो. प्रत्येक नव्या शिक्षकाला दुसऱ्या विभागातला एक ज्येष्ठ सोबती दिला आहे. आपल्याच विभागप्रमुखाबद्दल बोलायचं असेल तर विभागाबाहेरचा माणूस लागतो.

‘कोट्यातले’ हा शब्द स्टाफरूममध्ये एकदा माझ्या कानावर आला. मी त्या सहकाऱ्यासमोर सगळी गुणपत्रकं ठेवावीत असा मोह झाला, पण ती गोपनीय. मी एवढंच म्हणाले की त्या जागेसाठी निकष काय होते ते फलकावर आहेत, वाचून घ्या, आणि त्यातला कुठला निकष चुकीचा वाटतो ते पुढच्या बैठकीत मांडा. बैठकीत ते खरंच बोलले. संशोधनाला गुण वाढवावेत असं त्यांचं म्हणणं होतं. ते रास्त आहे आणि आम्ही विचारात घेतलं आहे.

भौतिकशास्त्राची अनुसूचित जमातीची जागा मात्र भरली नाही. एकच अर्ज आला, त्या उमेदवाराची दुसरीकडे आधीच निवड झाली आणि तो मुलाखतीला आला नाही. ती जागा खुल्या प्रवर्गाकडे वळवा, वर्गाला शिक्षक तर हवा, असा आग्रह झाला. आम्ही ती अनुशेषात पुढे नेली. घटनेच्या अनुच्छेद १६(४ब) प्रमाणे अशा शिल्लक जागा पुढच्या वर्षी वेगळ्या धरल्या जातात, पन्नास टक्क्यांच्या मर्यादेत मोजल्या जात नाहीत. तोवर त्या विषयाच्या तासिका तत्त्वावरच्या जागेसाठी आम्ही याच प्रवर्गातल्या एम.एस्सी. झालेल्या एका मुलीला घेतलं आहे. ती सेटची तयारी करते आहे आणि प्रयोगशाळेचं वेळापत्रक तिच्या अभ्यासाला सोयीचं लावून दिलं आहे. फेरजाहिरातीच्या परवानगीचा प्रस्ताव सहसंचालक कार्यालयात गेला आहे. त्या नव्या फेरीच्या गुणपत्रकात प्रयोगशाळेत विद्यार्थ्याची चूक शोधून देण्याचा एक वेगळा रकाना असेल, आणि त्याचे किमान गुण समिती पुढच्या बैठकीत ठरवेल.